छातीत दुखलं तर आधी तालुक्याचं केंद्र की थेट बांबोळी?

सत्तरी तालुक्यातल्या एका पंचसदस्यांचा प्रश्न आहे. गोवा एवढासा, रस्ते आता चांगले झाले, बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात, म्हणजे गोमेकॉत, अँजिओप्लास्टी (तुंबलेली धमनी आत तार घालून उघडणं) होते. मग हार्ट अटॅक आलेल्या माणसाला वाळपईच्या सामाजिक आरोग्य केंद्रात उतरवायचं, ईसीजी काढायचा, इंजेक्शन द्यायचं आणि मग पुढे बांबोळीला पाठवायचं, यात वेळ फुकट जात नाही का? ज्याला ‘स्टेमी’ची साखळी म्हणतात ती नेमकी कशी चालते, आणि त्यात पंचायतीला काही करता येईल का?

उत्तर आधी सांगते: वाळपईत उतरा. तिथे वेळ जात नाही, वाचतो. मात्र हे उत्तर सत्तरीसाठी आहे. पणजीतल्या किंवा सांताक्रूझच्या माणसाला मी थेट गोमेकॉ गाठायला सांगेन. गोवा लहान आहे हे नकाशावर खरं, पण अटॅकच्या वेळी किलोमीटर मोजायचे नसतात, मिनिटं मोजायची असतात. आणि बहुतेक मिनिटं रस्त्यावर जातच नाहीत.

हार्ट अटॅक सगळे एका जातीचे नसतात. एका प्रकारात हृदयाला रक्त पुरवणारी धमनी गुठळीने पूर्ण बंद होते आणि ईसीजीत ‘एसटी’ नावाचा भाग वर उचललेला दिसतो. हाच स्टेमी. दुसऱ्या प्रकारात धमनी अर्धवट तुंबलेली असते. तिथे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं नसतं. फायदा नाही, उलट रक्तस्रावाचा धोका. म्हणजे ईसीजी काढल्याशिवाय पुढचं काहीच ठरत नाही. रुग्ण आरोग्यसेवेच्या पहिल्या माणसासमोर आल्यापासून १० मिनिटांत ईसीजी निघाला पाहिजे, असं जगभरच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तुम्ही वाळपई ओलांडून सरळ निघालात, तर हा ईसीजी बांबोळीच्या कॅज्युअल्टीत निघणार. तोवर गाडीतल्या कोणालाच माहीत नसतं की आपण काय घेऊन चाललोय.

आता घड्याळ लावून बघू. धमनी बंद झाल्यापासून हृदयाचा स्नायू मरायला लागतो आणि पहिल्या दोन-तीन तासांत सर्वात वेगाने मरतो. १९९६ साली ‘लॅन्सेट’मध्ये बोअर्स्मा आणि सहकाऱ्यांनी जुन्या चाचण्यांचे आकडे एकत्र करून दाखवलं, की गुठळी विरघळवणारं औषध पहिल्या तासात दिलं तर दर हजार रुग्णांमागे ६५ जास्तीचे जीव वाचतात, दुसऱ्या तासात ३७, आणि त्यानंतर तिसापेक्षा कमी. अँजिओप्लास्टी या औषधापेक्षा सरस आहे यात वाद नाही, पण ती वेळेत झाली तर. ईसीजीवर निदान झाल्यापासून १२० मिनिटांच्या आत धमनीत तार जाणार असेल तर थेट अँजिओप्लास्टी. जाणार नसेल तर जिथे निदान झालं तिथेच इंजेक्शन, हा नियम.

काणकोणचं उदाहरण घ्या. चावडीहून, म्हणजे तालुक्याच्या मुख्य बाजारातून, बांबोळी साधारण ६५ किलोमीटर. करमल घाट, मग कुंकळ्ळी, मडगावची गर्दी, मग झुवारी पूल. नवा पूल झाल्यापासून कुठ्ठाळीची कोंडी सुटली, हे मोठंच काम झालं. तरी रुग्णवाहिका बोलावणं, ती येणं, रुग्णाला उचलून ठेवणं आणि प्रवास मिळून दीड तास धरा. पुढे गोमेकॉच्या दारात आल्यापासून तार जाईपर्यंत, सगळं सुरळीत चाललेल्या केंद्रातही तासभर लागतो. रात्री दोन वाजता टीम घरून येणार असेल तर त्याहून जास्त. १२० मिनिटं संपली. आणि गावडोंगरी किंवा खोतीगावातून चावडीला यायला जो वेळ लागला तो यात धरलेलाच नाही. सत्तरीत सुर्ला, चरावणे इथून वाळपईला उतरणाऱ्यांचं तेच. सांग्यात नेत्रावळीच्या आतल्या वाड्यांचं तर विचारूच नका.

म्हापसा, वास्को इथला माणूस दिवसाढवळ्या १२० मिनिटांत बसू शकतो. फोंडा सीमेवर. तिथे ‘आत्ता कॅथलॅब (अँजिओप्लास्टीची खोली) मोकळी आहे का’ हे फोनवर विचारूनच ठरवावं लागतं. म्हणून साखळी उभारताना तालुक्यांची यादी करून भागत नाही. प्रत्येक केंद्रापासून दिवसाचा, रात्रीचा आणि चतुर्थीच्या आठवड्यातला खरा वेळ मोजून ठेवावा लागतो. चतुर्थीत मुंबई-पुण्याहून आलेल्या गाड्यांनी महामार्ग कसा होतो, हे तुम्हाला मी काय सांगणार.

साखळीचा सांगाडा सोपा आहे. गोव्यात गेली काही वर्षं ‘स्टेमी गोवा’ नावाने हा सरकारी कार्यक्रम चालू आहे. मध्यभागी गोमेकॉ, भोवती जिल्हा इस्पितळं आणि तालुक्यांची आरोग्य केंद्रं. केंद्रात ईसीजी काढायचा, तो ऑनलाइन तज्ज्ञाकडे जातो, काही मिनिटांत ‘हो, स्टेमी आहे’ किंवा ‘नाही’ असं उत्तर येतं, आणि गरज असेल तर गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेस नावाचं इंजेक्शन तिथेच मोफत दिलं जातं. मग १०८ ने बांबोळी. भारतात या पद्धतीचा सर्वात नीट अभ्यास तमिळनाडूत झाला. २४२० रुग्णांचा तो अभ्यास २०१७ साली ‘जामा कार्डिऑलॉजी’त आला. साखळी सुरू होण्याआधी वर्षभरातला मृत्युदर १७.६ टक्के होता, नंतर १४.२. अँजिओग्राफी, म्हणजे धमन्यांची तपासणी, होणाऱ्यांचं प्रमाण ३५ टक्क्यांवरून जवळपास ६१ वर गेलं. यात नवं औषध नव्हतं. होती ती माणसं आणि इस्पितळंच एकमेकांना जोडली गेली.

टेनेक्टेप्लेसबद्दल थोडं विस्ताराने, कारण लोकांच्या मनात ‘इंजेक्शन म्हणजे तात्पुरती मलमपट्टी’ असं बसलंय. पूर्वी आम्ही स्ट्रेप्टोकायनेज द्यायचो. १५ लाख युनिट, सलाइनमधून तासभर थेंबथेंब. मधेच रक्तदाब कोसळायचा, थांबवावं लागायचं. रुग्णवाहिकेत किंवा एकट्या डॉक्टरच्या केंद्रात ते नकोसंच व्हायचं. टेनेक्टेप्लेस वजनाप्रमाणे ३० ते ५० मिलिग्रॅम, एकाच दमात शिरेतून, पाच-दहा सेकंदांत. सोबत अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि रक्त पातळ ठेवणारं एनॉक्साप्रिन. २०१३ च्या ‘स्ट्रीम’ चाचणीत सुमारे १९०० रुग्णांवर हेच तपासलं: दुखणं सुरू होऊन तीन तासही झाले नाहीत, पण तासाभरात अँजिओप्लास्टी शक्य नाही, असे रुग्ण. इंजेक्शन आणि मग अँजिओग्राफी केलेल्या गटात ३० दिवसांत मृत्यू, शॉक (हृदय दमून रक्तदाब कोसळणं), हार्ट फेल्युअर किंवा पुन्हा अटॅक मिळून १२.४ टक्के, थेट अँजिओप्लास्टीच्या गटात १४.३. म्हणजे बरोबरी, फार तर किंचित उजवं.

पण त्याच चाचणीत आणखी दोन गोष्टी दिसल्या आणि त्या लपवून चालणार नाही. एक, मेंदूत रक्तस्राव इंजेक्शनच्या गटात १ टक्का, दुसऱ्यात ०.२. पंचाहत्तरीपुढच्या रुग्णांना डोस अर्धा केल्यावर धोका खाली आला. म्हणून आज वय विचारल्याशिवाय सिरिंज भरायची नाही. पूर्वी कधी मेंदूत रक्तस्राव झालेला, अलीकडे पक्षाघात, डोक्याला मार किंवा मोठी शस्त्रक्रिया, चालू असलेला रक्तस्राव, महाधमनी फाटल्याचा संशय: यांना इंजेक्शन नाही. रक्तदाब १८० च्या वर असेल तर आधी तो खाली. दोन, ३६ टक्के रुग्णांमध्ये इंजेक्शनने धमनी नीट उघडली नाही आणि तातडीची अँजिओप्लास्टी करावी लागली. तिघांतला एक! हा आकडा लक्षात ठेवला की ‘इंजेक्शन दिलं, दुखायचं थांबलं, आज रात्री इथेच झोपू दे, उद्या सकाळी बघू’ हे किती घातक आहे ते कळतं. इंजेक्शन दिल्या दिल्या रुग्ण निघाला पाहिजे. तासा-दीड तासाने दुसरा ईसीजी काढून एसटी निम्म्याहून खाली आला का बघतात, तो बांबोळीत पोचल्यावर किंवा वाटेत निघू दे. धमनी उघडली असेल तरी २४ तासांच्या आत अँजिओग्राफी हवीच.

मी डॉक्टर म्हणून तालुक्याच्या केंद्रातही काम केलं आणि नंतर रुग्ण जिथे येतात त्या टोकालाही. त्यामुळे साखळी कुठे तुटते याबद्दल माझी ठाम मतं आहेत, आणि ती फार शास्त्रीय नाहीत. औषध ज्या कपाटात आहे त्याची किल्ली फार्मासिस्टकडे आणि फार्मासिस्ट संध्याकाळी घरी, असं होतं. ईसीजीचा कागद संपलेला असतो. छातीला लावायचे रबरी फुगे चिरलेले, मग रेषा नाचते आणि पलीकडचा तज्ज्ञ म्हणतो ‘परत काढा’. सक्तीच्या सरकारी सेवेच्या बाँडवर आलेला तरुण डॉक्टर दोन महिन्यांत कुठे शिकतो न शिकतो तोच त्याची बदली. यावर उपाय आहेत, आणि ते महागडे नाहीत: कुपी कॅज्युअल्टीतच ठेवायची, वापरली की त्याच दिवशी भरून घ्यायची, जिथे रुग्ण कमी तिथली मुदत संपत आलेली कुपी वर्दळीच्या इस्पितळात हलवायची, नाहीतर हजारो रुपयांचं औषध कचऱ्यात. नवा डॉक्टर रुजू झाला की पहिल्याच आठवड्यात त्याच्याकडून कोरड्या सरावाने सगळं करून घ्यायचं. मात्र केंद्राची खरी स्मृती डॉक्टरकडे नसते, वर्षानुवर्षं तिथेच असलेल्या सिस्टरकडे असते. प्रशिक्षणात तिला मागच्या रांगेत बसवतात, हे मला कधीच पटलं नाही.

मग सहीचा प्रश्न. जोखीम समजावून संमती घ्यावी लागते आणि घरचे म्हणतात, ‘मुलगा पणजीहून निघालाय, तो येऊ दे.’ त्यांचं चुकत नाही. मेंदूत रक्तस्राव म्हटल्यावर कोणीही दचकेल. मी कागद पुढे करण्याआधी एवढंच सांगते: शंभरात एकाला तो धोका आहे, आणि न दिल्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा. मुलाला फोन लावा, स्पीकरवर ठेवा, मी बोलते. अडचण बहुतेकदा दोन मिनिटांत सुटते.

पलीकडच्या टोकाचे दोष वेगळे. ‘बेड आहे का’ हा प्रश्नच साखळीत असता कामा नये. स्टेमी ठरला की रुग्ण येणारच, बेड शोधणं हे मध्यवर्ती इस्पितळाचं काम. तो कॅज्युअल्टीच्या रांगेत न लागता थेट कार्डियाक केअरमध्ये किंवा कॅथलॅबमध्ये गेला पाहिजे, केस पेपर मागाहून. तपासणी पुन्हा पहिल्यापासून नको. केंद्रातला ईसीजी, इंजेक्शनची वेळ आणि डोस एका कागदावर रुग्णाबरोबर येतो, तो वाचायचा. आणि सर्वात दुर्लक्षित गोष्ट: केंद्राला उलट कळवणं. पाटाचं पाणी सोडणाऱ्याला शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचलं का हे कोणी सांगितलंच नाही, तर तो पुढच्या वेळी कशाच्या जोरावर दार उघडेल? पहाटे तीनला एकटीने निर्णय घेऊन इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरला दुसऱ्या दिवशी ‘धमनी उघडली होती, रुग्ण बरा आहे’ एवढा मेसेज गेला, तर ती पुढच्या वेळी पाच मिनिटं कमी घेते. ‘स्टेमी नव्हताच’ असं निघालं तरी कळवावं, पण झापू नये. चुकीची धोक्याची घंटा एकदाही वाजली नाही, तर समजावं की खऱ्या अटॅकपैकी काही हातचे सुटताहेत.

ईसीजीबद्दलही एक सावधगिरी. पहिला ईसीजी नॉर्मल असू शकतो. दुखणं चालू असेल तर दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा काढायचा. ‘नॉर्मल आहे, पित्त असेल’ म्हणून घरी पाठवलेला रुग्ण दोन तासांनी परत येतो, हे प्रत्येक फिजिशियनने पाहिलेलं आहे. आणि रक्तातल्या ट्रोपोनिनच्या (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन) रिपोर्टसाठी स्टेमीत थांबायचं नसतं. तो वाढायलाच काही तास लागतात.

रुग्णवाहिकेचं गणित मात्र कठीण आहे. तालुक्याची १०८ रुग्णाला घेऊन बांबोळीला गेली की परत येईपर्यंत अडीच-तीन तास तालुका उघडा. दुसरी गाडी तिथे सरकवून ठेवायला हवी, नाहीतर एका अटॅकची सोय करताना बाळंतीण अडकेल. अनेकांना वाटतं की स्वतःची मोटार जलद. कधी कधी असतेही. पण अटॅकच्या पहिल्या तासांत हृदयाचे ठोके अचानक बेताल होऊन माणूस कोसळतो, त्यावर शॉक देणारं यंत्रच लागतं, आणि ते सुसज्ज रुग्णवाहिकेत असतं, तुमच्या गाडीत नसतं. जवळचं केंद्र पाच मिनिटांवर असेल आणि रुग्णवाहिकेला अर्धा तास लागणार असेल तर मोटारीने केंद्रात न्या. मात्र मोटारीने बांबोळीपर्यंत नका नेऊ.

दर काही महिन्यांनी कोणीतरी म्हणतं, प्रत्येक भागात कॅथलॅब द्या. यंत्र विकत घेता येतं हो, पण कॅथलॅब चोवीस तास चालवायची म्हणजे आळीपाळीने रात्रपाळी करणारे चार-पाच हृदयरोगतज्ज्ञ, तेवढेच तंत्रज्ञ, परिचारिका, आणि हात चालता राहील एवढे रुग्ण लागतात. सकाळी नऊ ते पाच चालणारी कॅथलॅब ठरवून आलेल्या रुग्णांना उपयोगी पडते. अटॅक कार्यालयीन वेळ बघून येत नाही. पैसे माझ्या हातात असते तर मी ते आधी रात्रीच्या रुग्णवाहिकांवर आणि केंद्रातल्या माणसांवर खर्च केले असते.

शेजाऱ्यांचा विषयही यातच येतो. बांदा, दोडामार्ग, सावंतवाडीचे रुग्ण कितीतरी वर्षं बांबोळीला येताहेत, तिकडून पोळेचा नाका ओलांडून कारवारचेही. राज्याची हद्द धमनीला कळत नाही. पण इंजेक्शन कोण देणार, कोणाच्या औषधसाठ्यातून, हद्दीवर गाडी बदलायची की तीच पुढे जाणार, हे आधी ठरलेलं नसेल तर पत्रादेवीच्या नाक्यावर दोन रुग्णवाहिका एकमेकींकडे बघत उभ्या राहतात. ईसीजी तरी सीमेपलीकडून इकडच्या तज्ज्ञाला दिसावा, एवढ्यापासून सुरुवात करता येईल.

आता पंचायतीचं काम. २००८ साली आलेल्या ‘क्रिएट’ या भारतभरच्या नोंदणीत, जवळपास साडेवीस हजार रुग्णांत, दुखायला लागल्यापासून इस्पितळात पोचेपर्यंतचा मध्यम कालावधी ३६० मिनिटं निघाला. सहा तास! इस्पितळात आल्यावर औषध सुरू होईपर्यंत मात्र ५० मिनिटंच. म्हणजे आम्ही डॉक्टर आमच्या टोकाला कितीही घासलं तरी पाच-दहा मिनिटं वाचतील. तासच्या तास वाचवायचे ते घरात. काजूच्या हंगामात माणूस डोंगरावर, छाती दाटून येते, तो झाडाखाली बसतो, घाम पुसतो, संध्याकाळी घरी येऊन सोडा पितो, आणि उर्राक, म्हणजे काजूची दारू, प्यायला असेल तर सगळा दोष उर्राकवर. बायका तर दुखतंय असं म्हणतच नाहीत. दम लागतोय, मळमळतंय, जबडा किंवा पाठ भरून आली, एवढंच. मधुमेह असलेल्यांना कधी कधी दुखतही नाही. छातीत दाब, घाम आणि दम, १५-२० मिनिटांत ओसरत नसेल तर गॅस समजायचा नाही, हे गावातल्या प्रत्येक घरात माहीत असावं. रुग्णाला चालवू नये, गाडी चालवू देऊ नये. घरात अ‍ॅस्पिरिन असेल तर १०८ वर बोलताना ‘देऊ का’ विचारून द्यावी. अल्सर, रक्तस्राव, अ‍ॅलर्जी असेल तर ते आधी सांगावं.

सत्तरीत मोबाईलची रेंज नसलेल्या जागा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. तिथून फोन कुठून लागतो, रात्री कोणाची गाडी मिळते, रुग्णवाहिका कुठपर्यंत चढते आणि पुढे खुर्चीत बसवून कोण उचलणार, हे वाड्यावाड्याने लिहून काढा. घर सापडत नाही म्हणून गाडी फाट्यावर घुटमळते. फाट्यावर टॉर्च घेऊन एक माणूस उभा करा.

आणि पुढच्या ग्रामसभेला केंद्राच्या आरोग्य अधिकाऱ्यांना बोलवून चार गोष्टी विचारा. आत्ता या क्षणी टेनेक्टेप्लेसच्या किती कुप्या आहेत आणि रात्री किल्ली कोणाकडे असते. ईसीजी यंत्र बंद पडलं तर दुसरं कुठे. १०८ बांबोळीला गेलेली असताना दुसरी कुठून येते आणि किती वेळात. आणि गेल्या तिमाहीत इथून पाठवलेल्या रुग्णांचं पुढे काय झालं, ते केंद्राला कोणी कळवलं का. पहिल्या तिन्हींची उत्तरं तुम्हाला बहुधा मिळतील. चौथ्याचं मिळालं नाही तर त्यांच्यावर चिडू नका, तोच प्रश्न लेखी करून गोमेकॉकडे पाठवा.